ढोंग कशाला म्हणावे?

इशाची नमाज आटोपली होती. नमाजी पांगले, मुअज्जिनसाहेबांनी पंखे बंद केले; एक तरुण मात्र शेवटच्या सफेत बसून राहिला. पूर्वी फज्रलाही न चुकता येणारा हा मुलगा गेले दोन महिने दिसला नव्हता. मी जवळ जाऊन बसलो. बराच वेळ जानमाजची कड चाळवत राहिल्यावर तो म्हणाला, "मौलाना, मी नमाज सोडली. आळसाने नाही, प्रामाणिकपणाने. कंपनीत तासभर आधी निघतो आणि पूर्ण पाळी भरल्याची नोंद करतो. घरी अम्मीवर खेकसतो. आणखीही पुष्कळ आहे, ते सांगत नाही. मग मशिदीत हात बांधून उभा राहणारा मी कोण? ढोंग करण्यापेक्षा जसा आहे तसाच राहावं, असं वाटलं. आज नमाजसाठी नाही आलो, हे तुम्हाला विचारायला आलो."

नमाज माणसाला निर्लज्जपणापासून आणि वाईट कृत्यांपासून रोखते, ही सूरह अन्कबूतमधील शिकवण मी मिंबरवरून कितीदा सांगितली असेल. त्या रात्री ती ओठांवर आली नाही. कारण त्याच दिवशी मगरिबला एक नामवंत पाहुणे आलिम पहिल्या सफेत उभे होते. एरवी मी मगरिबला लहान सूरती पढतो. त्या दिवशी लांब किरअत केली, आवाज लावला. सलाम फेरून मागे वळलो तेव्हा माझी नजर आधी त्यांचा चेहरा शोधत होती. घरी येऊन सुन्नत पढली ती मात्र अशी, की मुले दस्तरख्वानवर वाट पाहत बसली आहेत, लवकर उरकावे. एकाच संध्याकाळी, एकाच माणसाच्या त्या दोन नमाजा. सहीह मुस्लिममधील त्या हदीसची आठवण झाली, जिच्यात कयामतच्या दिवशी सर्वप्रथम ज्यांचा निवाडा होईल त्यांत लोकांनी विद्वान आणि कारी म्हणावे यासाठी शिकणारा व पढणारा माणूस आहे. तरुणाला मी इतकेच म्हणालो, "उद्या ये. आज माझ्याजवळ उत्तर नाही."

आपल्या काळाचा एक आवडता उपदेश आहे : स्वतःशी प्रामाणिक राहा, जसे आहात तसे राहा. या उपदेशात सत्याचा अंश आहे, हे मान्य केले पाहिजे. जे करत नाही ते बोलण्याचा अल्लाहला किती तिटकारा आहे, हे सूरह सफ सांगते. नमाजविषयी गाफील असलेल्या आणि दिखावा करणाऱ्या नमाजींना सूरह माऊन विनाशाचा इशारा देते. कुरआनने ढोंगावर जितका कठोर प्रहार केला आहे, तितका क्वचितच दुसऱ्या दोषावर केला असेल. तेव्हा त्या तरुणाची बेचैनी खोटी नव्हती. चूक पुढच्या पायरीवर होती.

'जसा आहे तसा' म्हणजे नेमका कोणता मी? आईवर खेकसणारा मी खरा, की त्यानंतर रात्रभर कूस बदलत राहणारा मी खरा? कुरआनने नफ्सच्या तीन अवस्था सांगितल्या आहेत. सूरह यूसुफमध्ये वाइटाकडे ढकलणारा नफ्स येतो, सूरह कियामहमध्ये स्वतःचीच निर्भर्त्सना करणारा, आणि सूरह फज्रमध्ये समाधान पावलेला. यांपैकी मधल्या नफ्सची अल्लाहने शपथ घेतली आहे, हे लक्षात घेण्याजोगे आहे. टोचणारे मन हे खोटेपणाचे लक्षण नव्हे. ते जिवंतपणाचे लक्षण आहे. प्रत्येक मूल फितरतवर, म्हणजे निर्मळ मूळ प्रकृतीवर जन्मते, असे प्रेषित मुहम्मद (स.) यांनी शिकवले. मग आपले खरे रूप वरच्या सवयींत नाही, त्या सवयींखाली गाडले गेले आहे. सवयींनाच 'मी' समजून त्यांच्याशी प्रामाणिक राहणे म्हणजे धुळीलाच आरसा समजणे होय.

हजरत हन्जला (रजि.) यांचा प्रसंग याच सहीह मुस्लिममध्ये आहे. ते प्रेषितांचे लेखनिक होते. एके दिवशी 'हन्जला मुनाफिक झाला' असे म्हणत ते निघाले. प्रेषितांच्या सान्निध्यात स्वर्ग आणि नरक डोळ्यांसमोर उभे राहतात, आणि घरी बायको-मुलांत, कामधंद्यात गेल्यावर बरेच काही विसरायला होते, ही त्यांची तक्रार होती. हजरत अबू बक्र (रजि.) यांनी ऐकले आणि कबूल केले, की आमचेही असेच होते. दोघे प्रेषितांकडे गेले. त्यांनी या दोघांना मुनाफिक म्हटले नाही. ती अवस्था सतत टिकली असती तर फरिश्त्यांनी तुमच्याशी हस्तांदोलन केले असते, पण माणसाला एक वेळ अशी तर एक वेळ तशी असते, अशा आशयाचे सांत्वन केले. हन्जलांनी अंतर ओळखले. पण त्या अंतरावर उपाय म्हणून प्रेषितांची बैठक सोडली नाही. ते अंतर घेऊन तिथेच गेले.

बाह्य रूप आणि अंतःकरण यांत दरी सर्वांच्याच असते. मुनाफिक ती दरी झाकतो आणि निवांत झोपतो. मोमिनला ती बोचते आणि तो ती अल्लाहपुढे उघडी करतो. दरी बुजवण्याच्या वाटाही दोन आहेत : बाहेरचे चांगले खाली ओढून आतल्या वाइटाच्या पातळीवर आणणे, किंवा आतले वाईट दुरुस्त करून बाहेरच्या चांगल्यापर्यंत उचलणे. दोन्ही वाटांनी आत-बाहेर एक होते. परंतु पहिलीला प्रामाणिकपणा म्हणणे ही नफ्सची सर्वांत देखणी फसवणूक आहे.

इमाम गजाली (रह.) यांचा दाखला कोणी उलट बाजूने देईल. बगदादच्या निजामिया मदरशाचे ते प्रमुख शिक्षक. आपल्या अध्यापनाचा हेतू तपासला तेव्हा त्यात अल्लाहची प्रसन्नता नाही, मानमरातब आहे, असे त्यांना आढळले. जीभ अडखळू लागली, शिकवणे अशक्य झाले, आणि हिजरी 488, म्हणजे इ.स. 1095 मध्ये त्यांनी ते पद सोडले. हे सारे त्यांनी स्वतःच लिहून ठेवले आहे. पण त्यांनी पद सोडले, उपासना नव्हे. सोडले ते हेतू धुण्यासाठी. आणि अकरा वर्षांनी ते निशापूरला पुन्हा शिकवू लागले. काम तेच होते, करणारा बदलला होता.

दुसऱ्या दिवशी असरनंतर मी पाणचक्कीला गेलो. आपल्या छत्रपती संभाजीनगरात, म्हणजे जुन्या औरंगाबादेत वाढलेल्यांना ती जागा इतकी परिचित आहे, की आपण ती पाहायचेच विसरतो. मलिक अंबरने 1610 मध्ये खडकीला राजधानी केले आणि नहरींच्या पाण्यावर शहर जगवले. त्याच परंपरेतील नहर बाबा शाह मुसाफिर (रह.) यांच्या दर्ग्याजवळ येते. डोंगरातल्या झऱ्याचे पाणी खापराच्या नळांतून, जमिनीखालून आणले. उंच भिंतीवर चढवले आणि तेथून खाली सोडले. त्या जोरावर जाते फिरे आणि फकिरांसाठी, विद्यार्थ्यांसाठी, मुसाफिरांसाठी दळण होई. लोक पडणाऱ्या पाण्याजवळ उभे राहून फोटो काढतात. नहरीचा फोटो कोणी काढत नाही. ती दिसतच नाही. पण धार बारीक झाली, तर दोष भिंतीचा नसतो. वाटेत कुठे तरी गाळ साचलेला असतो, मुळ्या शिरलेल्या असतात. अशा वेळी शहाणा माणूस भिंत पाडत नाही, नहर उपसतो.

बाबा शाह मुसाफिर नक्शबंदी सिलसिल्याचे होते. त्या सिलसिल्यात मूक जिक्रला मान आहे, आणि लोकांच्या गर्दीत असूनही अंतःकरणाने अल्लाहसोबत एकांतात असावे, हा तिथला एक नियम आहे. धार लोकांपुढे पडते, वाहते ती मात्र लोकांच्या नजरेआड.

रात्री तो तरुण आला. मी म्हणालो, "तू दोन गोष्टींपैकी एक सोडायला निघालास, ते ठीकच केलंस. फक्त चुकीची सोडलीस. सोडायची होती ती खोटी नोंद. जो तास भरला नाहीस त्याचा पगार तुझा नाही. तो परत करण्याची वाट शोध. लोकांचा हक्क नुसत्या तौबाने फिटत नाही. आज घरी जाऊन अम्मीची माफी माग. आणि नमाज ढोंग वाटते तेव्हा सज्द्यात तेच बोल, की या अल्लाह, मी असा आहे आणि मला असा राहायचं नाही. याहून खरी दुआ मला ठाऊक नाही." तो म्हणाला, "लोक हसतील, आला परत म्हणून." मी हजरत फुजैल बिन इयाज (रह.) यांचे म्हणणे सांगितले : लोकांसाठी सत्कर्म करणे हा तर दोष आहेच, पण लोकांसाठी सत्कर्म सोडणे हाही दिखावाच. तो काही बोलला नाही. वुजू करायला उठला.

आता राहिला माझा हिशेब. आपला हिशेब घेतला जाण्यापूर्वी आपणच तो घ्यावा, ही हजरत उमर (रजि.) यांची ताकीद. मी ठरवले, की मागे कोणीही उभे असो, मगरिबची किरअत रोजची तीच राहील. इमामाने नमाज हलकी ठेवावी, ही तर प्रेषितांचीच आज्ञा आहे. आणि आणखी एक काम सुरू केले आहे, जे माझ्या घरच्यांनाही माहीत नाही. ते इथे लिहिणार नाही. लिहिले तर ते संपले. आपले दोष चारचौघांत मांडणेही दीनला पसंत नाही. वरचा प्रसंग सांगितला तो एवढ्याचसाठी, की मिंबरवर उभा असलेला माणूस या रोगातून सुटलेला आहे, असा कोणाचा समज राहू नये.

वाचक बंधू-भगिनींनो, आपल्यापैकी प्रत्येकाने आज रात्री झोपण्यापूर्वी एवढेच पाहावे : माझ्या कोणत्या सत्कर्माला कोणीही साक्षीदार नाही? एकही आठवले नाही, तर उद्याचे काम ठरले.

या अल्लाह, जाणूनबुजून केलेल्या शिर्कपासून आम्ही तुझा आश्रय घेतो, आणि जो आमच्या नकळत घडतो त्याची तुझ्याकडे क्षमा मागतो. आमचे अंतरंग आमच्या बाह्यरूपाहून उत्तम कर आणि बाह्यरूपही उत्तम कर. आमीन.