थट्टा आणि काकु

'शहाणा' हा आपल्या भाषेतला एक मोठा फसवा शब्द आहे. दोनाचा पाढा न अडखळता म्हणून दाखवणाऱ्या नातवाला आजोबा म्हणतात, 'शहाणा आहेस!' आणि त्याच नातवाने तासाभराने दुधाचे पातेले लवंडले म्हणजे आजी म्हणते, 'शहाणा आहेस!' अक्षरे तीच. काना-मात्रेचाही फरक नाही. तरी पहिल्या वाक्यानंतर मांडीवर जाऊन बसावे आणि दुसऱ्यानंतर अंगणात पळावे, हे त्या पोराला अचूक कळते. ते त्याला कुणी शिकवलेले नसते. अर्थ शब्दांत थोडा असतो; आजीच्या आवाजात, भुवईत आणि हातातल्या उलथन्यात पुष्कळ असतो. आता हेच दोन शब्द एका भावाने दुसऱ्याला व्हॉट्सअ‍ॅपवर लिहून पाठवले, की यंदाचा फराळ एकत्र व्हायचा की वेगवेगळा, याचा निकाल वाचणाऱ्याच्या त्या घटकेच्या मनःस्थितीवर लागतो.

आवाजाच्या या वळणाला आपल्या जुन्या साहित्यशास्त्रात 'काकु' असे नाव आहे. (काकूशी तिचा काही संबंध नाही. शुद्धलेखनाच्या नियमांनी शेवटचा उकार दीर्घ करून दोघींना एकमेकींत मिसळून टाकले आहे, म्हणून येथे मुद्दाम जुना ऱ्हस्व उकार ठेवला आहे.) रुद्रटाने काकुवक्रोक्ती हा एक शब्दालंकार मानला. राजशेखराला ते मुळीच पटले नाही. काकु हा पाठाचा, म्हणजे वाचण्या-म्हणण्याचा धर्म आहे. तो अलंकार कसा होईल, असा आक्षेप त्याने 'काव्यमीमांसे'त घेतला. हजार-अकराशे वर्षांपूर्वीचा हा वाद पंडिती खरा. पण आज रोज सकाळी कोट्यवधी माणसे आपल्या नकळत राजशेखराचीच बाजू सिद्ध करीत असतात. लिहिलेल्या वाक्याबरोबर काकु जात नाही. ती बोलणाऱ्याच्या गळ्यातच राहते.

याच शास्त्राचे एक लाडके उदाहरण आपल्या मातीतले आहे. महाराष्ट्री प्राकृतातले, हालाच्या 'गाथासप्तशती'तले. गोदावरीच्या काठच्या झाडीकडे एक धार्मिक गृहस्थ हिंडायला येत असतो. एक स्त्री त्याला सांगते, की आता खुशाल हिंडा. तुम्ही ज्याला भीत होता ते कुत्रे मेले, त्या झाडीत राहणाऱ्या सिंहाने त्याला मारले! शब्दांत आमंत्रण आहे आणि अर्थ 'पुन्हा इकडे फिरकू नका' असा आहे. ती झाडी हे तिचे प्रियकराला भेटण्याचे ठिकाण असावे, असे टीकाकार सांगतात. गाथेत त्या प्रियकराचे नावही नाही. नवव्या शतकात काश्मीरच्या आनंदवर्धनाने ही गाथा 'ध्वन्यालोका'त घेतली आणि पुढे कित्येक पंडितांनी तिच्यावर आपली बुद्धी परजली. शब्द एक बोलतात आणि अर्थ दुसराच निघतो, तो कशाच्या बळावर? अकराव्या शतकातल्या मम्मटाने 'काव्यप्रकाशा'त याची यादीच दिली आहे. बोलणारा कोण, ऐकणारा कोण, काकु कशी, प्रसंग कोणता, देश कोणता, काल कोणता. आणि या यादीत एक लहानसा शब्द आहे, 'अन्यसन्निधी'. म्हणजे, जवळ तिसरे कुणी आहे काय? फेसबुक निघण्याच्या नऊशे वर्षे आधी या गृहस्थाला तिसऱ्या माणसाची आठवण राहिली, याचे मला फार कौतुक वाटते.

संगणकाच्या जगात या हरवलेल्या काकुचा शोध फार लवकर सुरू झाला. अमेरिकेत पिट्सबर्ग येथे कार्नेगी मेलन विद्यापीठात संगणकावरच एक सूचनाफलक होता आणि तेथील मंडळी त्यावर गप्पा मारीत. १९८२ च्या सप्टेंबरात तिथे एक विद्वत्तापूर्ण रिकामटेकडी चर्चा चालली होती. लिफ्टचा दोर तुटून ती खाली पडू लागली तर आतल्या कबुतराचे काय होईल, पेटत्या मेणबत्तीचे काय होईल, पाऱ्याच्या थेंबाचे काय होईल? त्यात एकाने गंभीर चेहऱ्याने सूचना लिहिली, की अशा प्रयोगामुळे एका लिफ्टमध्ये पारा सांडला असून थोडी आगही लागली आहे. ज्यांनी आधीची चर्चा वाचली नव्हती, त्यांना ती सूचना खरी वाटली. मग थट्टेच्या मजकुरावर काहीतरी खूण असावी असे ठरू लागले. कुणी चांदणी सुचवली, कुणी टक्क्याचे चिन्ह. १९ सप्टेंबरला स्कॉट फालमन या संगणकशास्त्रज्ञाने सुचवले, की विसर्गासारखी दोन टिंबे, एक आडवी रेघ आणि एक कंस लिहावा. मान वाकडी करून पाहिले तर हसरा चेहरा दिसतो. पुढे या चेहऱ्याचे पिवळे गोल वंशज घरोघर झाले. जी गोष्ट आजीची भुवई फुकट करीत असे, तिच्यासाठी ही सारी खटपट!

आणि ती पुरी पडली काय? खुणेलाही काकु लागतेच. कॅनडाच्या सस्कॅचवन प्रांतात एका शेतकऱ्याला जवस खरेदीच्या कराराचे छायाचित्र मोबाईलवर आले. त्याने उत्तरादाखल उभा अंगठा पाठवला. 'करार पोचला' एवढेच मला म्हणायचे होते, असे तो म्हणाला; 'मान्य आहे' असा त्याचा अर्थ होतो, असे घेणारा म्हणाला. २०२३ मध्ये न्यायालयाने घेणाऱ्याचे म्हणणे धरले आणि शेतकऱ्याला ८२ हजार कॅनडियन डॉलरांहून अधिक भरपाई द्यायला सांगितली. आपल्याकडे तर 'अंगठा देणे' या शब्दांना एकलव्यापासून जो इतिहास आहे, तो पाहता आपण हे चिन्ह फार सढळ हाताने वापरतो असे वाटते.

पण खरी गोम मम्मटाच्या त्या तिसऱ्या माणसात आहे. थट्टा ही दोघांच्या ओळखीवर काढलेली हुंडी असते. आपल्या समाजाने तर थट्टेची नातीच ठरवून दिली होती. दीर-भावजय, मेहुणा-मेहुणी, विहीण-विहीण. लग्नात विहिणीला उद्देशून जी गाणी म्हटली जात, ती मांडवाबाहेर म्हटली असती तर सोयरीकच मोडली असती. शिमग्याला बोंब मारायची मुभा होती, पाडव्याला नव्हती. आणि बहुरूपी! खाकी पोशाख चढवून, हातात काठी घेऊन हा पोलीस दारात यायचा, घरधन्याला दरडावायचा, 'चला चौकीवर' म्हणायचा. एखादे पोर घाबरून आईच्या पदराआड जायचे. आणि घरधनी हसत हसत सुपात धान्य आणायला सांगायचा. बहुरूप्याचे सोंग जितके हुबेहूब, तितके ते सोंग आहे हे गावाला ठाऊक असणे जरुरीचे. थट्टा करणाऱ्याची नजरही सतत समोरच्यांच्या चेहऱ्यांवर असे. पंगतीत गोष्ट सांगणारा माणूस गोष्ट सुरू करण्याआधी पान कुणाकुणाचे मांडले आहे ते पाहून घेतो, आणि मध्येच एखादा चेहरा उतरलेला दिसला तर शेवट बदलतो. आपण समजतो की हसू हे थट्टेचे बक्षीस आहे. माझ्या मते ते बक्षीस नंतरचे. आधी तो परवाना आहे, आणि तो क्षणाक्षणाला नवा करून घ्यावा लागतो. पडद्यावर लिहिणाऱ्याला चेहरे दिसत नाहीत. साठ माणसांच्या कुटुंबाच्या गटात बायकांवरचा एखादा विनोद येतो. पाच जण हसरे चेहरे पाठवतात. उरलेल्या पंचावन्नांत एकीचा घटस्फोटाचा दावा चालू असतो, एकाची बायको गेल्या श्रावणात गेलेली असते. ते गप्प असतात आणि त्यांची शांतता संमती म्हणून मोजली जाते.

म्हणजे दोष थट्टा करणाऱ्याचा? इतके सोपे नाही. २०१० च्या जानेवारीत इंग्लंडमध्ये बर्फामुळे डॉन्कास्टरजवळचा विमानतळ बंद पडला. एका तरुणाला काही दिवसांनी तिथून बेलफास्टला एका मुलीला भेटायला जायचे होते. त्याने वैतागून ट्विटरवर लिहिले, की आठवडाभरात कारभार नीट करा, नाहीतर विमानतळ उडवून देतो. काही दिवसांनी विमानतळाच्या एका अधिकाऱ्याच्या नजरेला ते पडले. विमानतळाने ती धमकी विश्वसनीय नाही असेच ठरवले. पण नियमाप्रमाणे कागद पोलिसांकडे गेला. त्या तरुणाला अटक झाली, ३८५ पौंड दंड आणि ६०० पौंड खर्च भरण्याची शिक्षा झाली, नोकरी गेली. पहिले अपील फेटाळले गेले. शेवटी जुलै २०१२ मध्ये उच्च न्यायालयाने शिक्षा रद्द केली. वाचणाऱ्यांच्या मनात जे भय निर्माण करीत नाही ते वाक्य धमकी नव्हे, असा त्या निकालाचा आशय होता.

या हकिकतीत गैरसमज झाला कुणाचा? विमानतळ घाबरला नाही. एकही विमान त्या वाक्यामुळे थांबले नाही. थट्टा आहे हे दिसत असताना एकाने ती दुसऱ्याच्या टेबलावर सरकवली, दुसऱ्याने तिसऱ्याच्या, आणि 'मला हे कळले आहे' एवढे म्हणण्याची जबाबदारी अडीच वर्षे कुणी घेतली नाही. आपण ज्यांना गैरसमज म्हणतो त्यांतले निदान अर्धे गैरसमज असे असतात. समजलेले असते, समजून घ्यायचे नसते. आपल्याकडे माहिती तंत्रज्ञान कायद्याचे ६६अ हे कलम 'त्रासदायक' मजकुरावरही लागू होत असे. सर्वोच्च न्यायालयाने ते २४ मार्च २०१५ रोजी रद्द केले. घराघरांतले ६६अ मात्र अजून चालू आहे. जुना राग असतो, निमित्त हवे असते, आणि कुणा चुलतभावाचे काकुविना आलेले एक वाक्य ते निमित्त पुरवते. 'अमुक यांनी गट सोडला' ही ओळ वाचताना मला नेहमी शंका येते, की हा माणूस त्या थट्टेमुळे गेला की वडिलोपार्जित विहिरीच्या वाटणीमुळे?

आता दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. 'अहो, गंमत केली!' हे वाक्य जगात जितके खोटे वापरले जाते तितके दुसरे क्वचितच. बोचायचेच असते, बोचले म्हणून कुणी ओरडले की सुईला गुलाबाचे काटे म्हणायचे. वर 'तुम्हाला विनोदबुद्धी नाही' असा ठपकाही त्याच्यावरच. यात एक गोष्ट नजरेत भरते. वरिष्ठाने कनिष्ठाची थट्टा केली तर ती थट्टा, आणि कनिष्ठाने वरिष्ठाची केली तर उद्धटपणा. सासूने सुनेच्या करंज्यांवर लिहिलेले विनोदी वाक्य आणि सुनेने सासूच्या अनारशांवर लिहिलेले तसेच वाक्य, ही दोन्ही एकाच तराजूत घालून पाहावीत. ज्याला 'मला हे आवडले नाही' म्हणण्याची सोय नाही, त्याच्यावर समजूतदारपणाचे कर्तव्य लादणे मला अन्यायाचे वाटते. ऐकणाऱ्याने उदार असावे, रागावण्याआधी एकदा विचारावे, हे मी म्हणेन. पण ते बरोबरीच्यांना. सुनेला मी ते सांगणार नाही.

आणि विचारायचे तरी कुणाला? जुन्या थट्टेला निदान तोंड होते. पुढे पाठवलेल्या मजकुराला तोंडच नसते. २०१८ साली मुले पळवणाऱ्या टोळ्यांच्या अफवांबरोबर देशभर एक चित्रफीत फिरत होती. मोटारसायकलवरून दोघे येतात आणि रस्त्यावरचे मूल उचलून नेतात. मुळात ती कराचीत बनवलेली, मुलांच्या सुरक्षिततेविषयीची अभिनीत फीत होती आणि तिच्या शेवटी ते मूल परत आणून दिले जात होते. तो शेवट कुणीतरी कापला होता. कापणारा थट्टेखोर होता की दुष्ट, ठाऊक नाही. त्याला तोंड नव्हते. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात, अशाच अफवेच्या भरात, जमावाने पाच माणसांना ठार मारले. ती नाथपंथी डवरी गोसावी समाजाची, गावोगाव भिक्षा मागत हिंडणारी माणसे होती. ज्या महाराष्ट्राला दारात आलेला खोटा पोलीस ओळखता येत होता, त्याला दारात आलेला खरा भिक्षेकरी ओळखता आला नाही. त्याच महिन्यात व्हॉट्सअ‍ॅपने भारतात एक मजकूर एका वेळी फक्त पाच ठिकाणी पुढे पाठवता येईल अशी मर्यादा घातली. उपाय वाईट नव्हता. पण पाचांपैकी पहिल्यालाच 'हे तू पाहिलेस काय, की कुणी पाठवले?' असे विचारण्याची सवय कोणत्याही कंपनीला घालता येत नाही.

मला स्वतःला पिवळ्या चेहऱ्यांपेक्षा एका काकूंचा मार्ग अधिक बरा वाटतो. या मात्र दीर्घ ऊकाराच्या, सत्तरी ओलांडलेल्या काकू. चष्मा सापडत नाही या सबबीवर त्या काही लिहीतच नाहीत. ध्वनिचित्रावर बोट ठेवून बोलतात. निरोप अडीच-तीन मिनिटांचा. भाचरे कुरकुरतात, पण शेवटपर्यंत ऐकतात, कारण कुणाची टोपी कुठे उडेल याचा नेम नसतो. गेल्या वर्षी पुण्याच्या पुतण्याच्या चकल्यांवर त्या असे काही बोलल्या, की ते लिहिले असते तर दोन घरांचे बोलणे बंद झाले असते. ऐकताना मात्र पुतण्याची बायकोच आधी हसली. निरोपाच्या मध्येच कुकरची शिट्टी होते. काकू 'थांब हं' म्हणतात, गॅस बारीक करतात, आणि मग 'हं, तर तुझ्या चकल्या...' असे म्हणून पुढे सुरू करतात.