परतीची वाट

पोलादपूरच्या नाक्यावर चाचांचं गॅरेज होतं. वर पत्रा, खाली ऑइलनं काळी झालेली माती आणि भिंतीला टेकवलेला एक लाकडी बाक. महाबळेश्वरला चढणारा आंबेनळी घाट इथूनच सुटतो आणि खेडला उतरायचं तर तेव्हा कशेडी घाट ओलांडावा लागायचा. त्यामुळे पावसाळ्यात घाटानं दमवलेल्या गाड्या आधी चाचांच्या दारात यायच्या.

१९९६ च्या जुलैत, एका सकाळी, वाड्यावस्त्यांवर फिरणाऱ्या डॉक्टरबाई आपली जुनी जीप घेऊन आल्या. रात्रभर झोप नव्हती, हे डोळ्यांवरून दिसत होतं.

“चाचा, काल रात्री अडलेली बाळंतीण घेऊन कशेडी उतरले. अख्खा घाट मुंडकं बाहेर काढून गाडी हाकली. वायपर असा चालतो, जसा आजारातून उठलेला माणूस. भर पावसात तर मध्येच उभा राहतो. महिन्यापूर्वी एका गॅरेजात नवी मोटर टाकून घेतली. फरक शून्य.” असं म्हणत त्यांनी सीटखालून वर्तमानपत्रात गुंडाळलेली जुनी मोटर काढली आणि बाकावर ठेवली.

चाचांकडे दोन वर्षं काम शिकणारा एक पोरगा होता. हात चलाख, जीभ त्याहून चलाख. चाचा चहाचा कप खाली ठेवेपर्यंत त्यानं मोटरीची वायर सोडवली, मीटर लावलं आणि निकाल देऊन टाकला. “करंट पुरा येतोय, चाचा. १२.३ व्होल्ट. म्हणजे मोटरच गेली. ही नवीसुद्धा डुप्लिकेट असणार.”

चाचा काही बोलले नाहीत. त्यांनी आधी जुनी मोटर उचलली, शिकंज्यात धरली आणि बॅटरीवरून दोन वायरी थेट तिला लावल्या. मोटर गुणगुणत फिरायला लागली. एकसारखी, न अडखळता.

“बघ,” चाचा म्हणाले, “जिला मेली म्हणून बाहेर काढली, ती जिवंत आहे.”

पोरगा गप्प झाला. चाचांनी बाईंना विचारलं, “फ्यूज कधी उडाला होता?”

“एकदाही नाही.”

“मग कुठं जाम नाही. मोटर अडकली तर करंट जास्त ओढते, तापते, फ्यूज उडवते. इथं उलट आहे. हिला ओढायलाच मिळत नाही.” तरी त्यांनी खात्री करून घेतली. मोटरीपासून दांडा सोडवला आणि वायपरचे हात बोटांनी इकडून तिकडे फिरवून पाहिले. सहज फिरत होते. दांडा पुन्हा जोडला आणि पोराला सांगितलं, “काचेवर पाणी मारत राहा. कोरड्या काचेवर वायपर चालवायचा नाही. रबर घासतं, काचेवर चरे पडतात आणि मोटरीवर नको तेवढा भार येतो. आता वायर जोडलेली राहू दे, वायपर चालू कर आणि मग मीटर लाव.”

पोरानं मीटरची लाल पिन मोटरीला करंट आणणाऱ्या, म्हणजे गरम वायरीवर टेकवली, काळी मोटरीच्या अंगावर. काटा ७.५ वर येऊन थांबला.

“सोडवलेल्या वायरीला १२.३, आणि कामाला लावल्यावर साडेसात?” पोराचा विश्वास बसेना.

“रिकाम्या हातानं कुणीही ताठ उभा राहतो. डोक्यावर ओझं दिलं की कळतं. आता काळी पिन बॅटरीच्या निगेटिव्हला लाव.”

आता मीटर ११.९ दाखवू लागलं. म्हणजे बॅटरीपासून मोटरीपर्यंतची वायर आणि बटण ठीक होतं. मग चाचांनी लाल पिन मोटरीच्या अंगावर ठेवायला सांगितली. मोटरीचं लोखंड आणि बॅटरीचं निगेटिव्ह यांच्यामध्ये शून्याच्या आसपास दिसायला हवं होतं. दिसले ४.४ व्होल्ट.

“सापडलं,” चाचा म्हणाले. “जाताना करंट नीट जातो. परत येताना अडतो.”

त्यांनी एक लांब, जाड वायर घेतली. एक टोक बॅटरीच्या निगेटिव्हला धरलं, दुसरं मोटरीच्या अंगाला टेकवलं. त्याच क्षणी काचेवर रेंगाळणारे वायपर सपासप धावू लागले. टोक उचललं की पुन्हा रेंगाळायचे, टेकवलं की धावायचे. डॉक्टरबाई बाकावरून उठून जवळ आल्या.

“बाई, दिवाळीत गाडी रंगवली होती का?”

“हो. चौकट, बिजागऱ्या, सगळं उतरवून छान रंगवून घेतलं. तुम्हाला कसं कळलं?”

चाचांनी काचेच्या चौकटीचा एक बोल्ट खोलून दाखवला. जीपची काच बिजागऱ्यांवर उभी असते, पुढं दुमडताही येते. मोटर त्या चौकटीवर बसवलेली. तिचा करंट चौकटीतून, बिजागरीतून बॉडीत उतरायचा आणि तिथून बॅटरीकडे जायचा. आता बिजागरीच्या दोन्ही बाजूंना, अगदी बोल्टाच्या वॉशरखालीसुद्धा, रंगाचा चकचकीत थर होता. रंग म्हणजे करंटला बंद दार. कुठंतरी आट्यांमधून चिमूटभर वाट उरली होती, तेवढ्यावर बिचारी मोटर चालत होती. दिवाळी ते जून पाऊस नाही, म्हणून कुणाच्या लक्षात आलं नाही.

पोरानं पॉलिश पेपरनं चौकटीवरची रुपयाएवढी जागा घासून पांढरं लोखंड काढलं, तशीच बॉडीवरची. मध्ये अर्थची वेगळी वायर टाकली, दातेरी वॉशर घालून बोल्ट आवळले आणि गंज धरू नये म्हणून वरून ग्रीस लावलं. पुन्हा मोजलं तेव्हा ४.४ च्या जागी ०.१ व्होल्ट उरला होता.

“नाडी न बघता औषध दिलं होतं म्हणा की,” डॉक्टरबाई हळूच म्हणाल्या. जुनी मोटर त्यांनी चाचांकडेच ठेवली.

पुढं ते गॅरेज त्या पोरानं चालवलं. फळीवर ती मोटर अजून आहे. शिकायला येणाऱ्या प्रत्येकाला तो ती आधी फिरवून दाखवतो आणि सांगतो, “वायपर बटण बंद केल्यावर अर्ध्या काचेवर थांबला, तर पार्किंगचा कॉन्टॅक्ट बघ. फ्यूज उडत असेल, तर सुकलेलं ग्रीस आणि अडकलेला दांडा बघ. मंद चालत असेल, तर भारावर व्होल्ट मोज, आधी गरम बाजूला, मग अर्थला. मोटरीचे कार्बन ब्रश सगळ्यात शेवटी.”

एका पावसाळ्यात त्याच्याकडे नवा मुलगा लागला. दुपार झाली की त्याचे हात ढिले पडायचे, पाना निसटायचा. बाकीचे म्हणाले, “आळशी आहे, बदला याला.” तोंडाशी आलेला होकार गॅरेजवाल्यानं गिळला. फळीकडे पाहिलं आणि मुलाला बाजूला घेऊन विचारलं, “सकाळी काय खाऊन निघतोस?”

मुलगा आधी बोलेना. मग म्हणाला, “चहा.” वाडीतून नाक्यापर्यंत तो रोज दोन तास चालत यायचा.

दुसऱ्या दिवसापासून दहा वाजता गॅरेजात दोन भाकऱ्या जास्त यायला लागल्या. मुलगा बदलावा लागला नाही.

तात्पर्य : काम अडलं की काम करणाऱ्याकडे बोट दाखवणं सोपं असतं. त्याच्या डोक्यावर ओझं असताना त्याच्यापर्यंत काय पोचतं, ते आधी मोजावं. दोष मग ठरवावा.