विसावा : हक्क की कर्तव्य?

ज्येष्ठ वद्य अष्टमीला आळंदीहून प्रस्थान ठेवलेली ज्ञानेश्वर माउलींची पालखी दुसऱ्या दिवशी दिघी, कळस ओलांडून विश्रांतवाडीत येते आणि तेथून पुण्यात प्रवेश करते. पंढरपूरपर्यंतची वाट सुमारे अडीचशे किलोमीटरची. पण पुण्यात दोन मुक्काम, सासवडला दोन मुक्काम, शिवाय दररोजचे विसावे, हे सारे आधीच ठरलेले असते. मुक्काम गाळून रात्रभर चाललो तर अधिक पुण्य पदरी पडेल, असे कोणी वारकरी म्हणत नाही. थांबणे हा त्या चालण्याचाच एक भाग असतो. दरवर्षी विश्रांतवाडीच्या चौकात उभे राहून ही दिंडी पाहताना आम्हांस ही शिस्त मोठी शहाणपणाची वाटत आली आहे. तिचा अर्थ मात्र आम्हांस अलीकडे, एका घरातील प्रसंगामुळे, खऱ्या अर्थाने कळला.

आमच्या स्नेहातील एक ख्रिस्ती कुटुंब विश्रांतवाडीत राहते. वडील खडकीच्या दारूगोळा कारखान्यातून निवृत्त झालेले. मुलगी शहराच्या दुसऱ्या टोकाला असलेल्या एका महाविद्यालयात डिजिटल माध्यमकला शिकते. संगणकावर चित्रे काढणे, त्यांना चालते-बोलते करणे, ध्वनी जोडणे, संकलन करणे, असा तो अभ्यासक्रम. लहानपणी धर्मशिक्षणाच्या वर्गात ती वहीच्या कडेला नोहाचे तारू आणि त्यातले प्राणी काढीत असे. तेव्हा तिने ही वाट धरली याचा आम्हां सर्वांना आनंदच झाला. गेल्या नाताळात धर्मग्रामातील मेळाव्यात आम्हीच तिचे कौतुक करताना सांगितले होते, "ही पोर रात्ररात्र जागून काम करते, इतर मुलांनी हिचा कित्ता गिरवावा." लोकांनी टाळ्या वाजवल्या. ती नुसती हसली.

पुढे तिची आजी वारली. महिन्याच्या मिस्साला ती मुलगी पहिल्याच बाकावर बसली होती. ज्या आजीने तिला वाढविले, तिच्यासाठी प्रार्थना चालू असताना ही बाकाच्या कडेला डोके टेकून गाढ झोपी गेली. आईचा चेहरा शरमेने काळवंडला. मागे कुजबूज झाली. खरे सांगायचे तर आमच्याही कपाळाला आठी पडली. नंतर कळले की सलग तीन रात्री तिचा डोळ्याला डोळा लागला नव्हता. ज्युरी, म्हणजे परीक्षकांसमोर काम मांडण्याचा दिवस, दुसऱ्याच दिवशी होता. जिच्या जागरणाचे आम्ही नाताळात कौतुक केले, तिच्या झोपेवर आम्ही आता रागावलो होतो. या विसंगतीने आम्हांस अस्वस्थ केले आणि त्यातूनच हा लेख लिहावा असे वाटले.

हे काम असते तरी कसे, हे आधी समजून घेतले पाहिजे; कारण 'संगणकापुढे बसून चित्रे काढायची, त्यात एवढे कष्ट कसले?' हा प्रश्न आपल्या घरांतून हमखास विचारला जातो. पडद्यावर एका सेकंदात चोवीस चौकटी सरकतात. हाताने चित्रे काढायची झाली आणि एक चित्र दोन चौकटींपुरते वापरले, तरी एका मिनिटासाठी 720 चित्रे लागतात. त्रिमितीय चित्रपटात संगणक प्रत्येक चौकट प्रकाश-छायेसह स्वतः तयार करतो. याला रेंडरिंग म्हणतात. दोन मिनिटांच्या चित्रपटाच्या 2,880 चौकटी होतात. एका चौकटीला पाचच मिनिटे लागली असे धरले, तरी एका यंत्रावर 240 तास, म्हणजे दहा दिवस आणि दहा रात्री जातात. शेवटी एखाद्या पात्राचा हात टेबलात घुसलेला दिसला, की तेवढा भाग पुन्हा करायचा. रेखाटनाचे गुरुजी आपले काम देतात, ध्वनीचे आपले, संकलनाचे आपले. प्रत्येकाची मागणी आपापल्या जागी रास्त असते; पण साऱ्या सबमिशनच्या तारखा एकाच आठवड्यात येऊन पडतात. भर उन्हाळ्यात छोट्या खोलीत यंत्राचा पंखा घोंघावत राहतो आणि पहाटे तीन वाजता दाराखालच्या फटीतून दिवा दिसतो. आई दोनदा उठून पाहते आणि परत जाते.

वडील आम्हांस एकदा म्हणाले, "आमच्या कारखान्यात भोंगा होता. भोंगा झाला की हत्यार खाली ठेवायचे. जादा काम केले तर त्याचा हिशेब वेगळा. हिच्या कामाला भोंगाच नाही." या एका वाक्यात आम्हांस साऱ्या प्रश्नाचे मर्म दिसले.

'आमच्या पिढीने काय कमी कष्ट उपसले?' असे वडीलधारी माणसे म्हणतात, आणि ते खोटे नाही. पण शेतकऱ्याचे काम सूर्य थांबवीत असे. सुताराचे टेबल एकदा उभे राहिले की उभे राहिले. संगणकावरील चित्र कधीच पुरे होत नाही. ते केव्हाही पुसता येते, केव्हाही सुधारता येते. म्हणून थांबण्याचा निर्णय काम करीत नाही, तो माणसालाच करावा लागतो. आणि वीस वर्षांच्या मुलामुलींना तो निर्णय करण्याचे बळ कोणी दिलेले नसते. उलट, वसतिगृहांतून 'नाइट मारणे' हे शौर्याचे लक्षण मानले जाते, आणि आमच्यासारखे लोक त्यावर टाळ्या मिळवून देतात.

आपल्या मराठी मुलखाला हा प्रश्न नवा नाही. मुंबईच्या गिरणी कामगारांना आठवड्याची सुटीही नव्हती, त्या काळी नारायण मेघाजी लोखंडे यांनी 1884 मध्ये कामगारांची संघटना उभी केली. कित्येक वर्षांच्या खटपटीनंतर 10 जून 1890 रोजी गिरणी मालकांनी रविवारची सुटी मान्य केली. पुढच्याच वर्षी, 1891 मध्ये, पोप लिओ तेरावे यांनी 'रेरूम नोव्हारूम' हे परिपत्रक काढले आणि विश्रांतीचा कामगाराचा अधिकार धर्माच्या व्यासपीठावरून मांडला. स्वतंत्र भारताच्या 1948 च्या कारखाने कायद्याने आठवड्याला 48 तासांची मर्यादा घातली. ही सारी मर्यादा कामगाराच्या वाट्याला आली. विद्यार्थ्याला मात्र असा तासांचा कायदा नाही, कारण तो शिकतो असे आपण मानतो. गंमत अशी की, इंग्रजीतील 'स्कूल' हा शब्द ज्या ग्रीक शब्दापासून आला, त्या 'स्कोले'चा मूळ अर्थ फुरसत असा आहे. जर्मन कॅथोलिक विचारवंत योसेफ पीपर यांनी 1948 च्या आपल्या ग्रंथात याच शब्दावर बोट ठेवून फुरसत हा संस्कृतीचा पाया असल्याचे प्रतिपादन केले.

यावर एक आक्षेप गंभीर आहे आणि तो टाळता येणार नाही. कला अशी घड्याळ लावून होते काय? स्वतःला झोकून दिल्याशिवाय काही थोर घडते काय? या आक्षेपाला दादासाहेब फाळके यांच्या चरित्राचा आधार दाखवता येईल. 1911 च्या सुमारास गिरगावातील चित्रपटगृहात त्यांनी प्रभू येशूच्या जीवनावरील चित्रपट पाहिला आणि आपल्या देवादिकांच्या कथा अशाच पडद्यावर आणण्याचा त्यांना ध्यास लागला. आपल्या धर्मातील एका कथेने भारतीय चित्रपटाच्या जनकाला प्रेरणा दिली, याचा आपल्याला अभिमान वाटतो. पण पुढची हकीकत आपण सहसा सांगत नाही. त्या ध्यासाच्या भरात त्यांनी झोपेची इतकी हेळसांड केली आणि डोळ्यांवर इतका ताण दिला की, काही काळ त्यांना दिसेनासे झाले. डॉक्टरांच्या उपचारांनी दृष्टी परत आली म्हणून 3 मे 1913 रोजी 'राजा हरिश्चंद्र' लोकांपुढे येऊ शकला. ते डोळे परत आले नसते तर त्या ध्यासाचे काय झाले असते?

आणखी एक गोष्ट. 'राजा हरिश्चंद्र'साठी भांडवल मिळावे म्हणून फाळके यांनी 1912 मध्ये आधी एक छोटा चित्रपट केला. त्याचे नाव 'अंकुराची वाढ'. कुंडीत वाटाणा पेरला, समोर कॅमेरा ठेवला आणि महिनाभराहून अधिक काळ थोडी थोडी चित्रे घेतली. पडद्यावर तो वेल मिनिटाभरात वाढताना दिसला आणि पाहणारे थक्क झाले. कितीही घाई केली तरी त्या वाटाण्याला एक दिवस आधी पाने फुटणार नव्हती. संत मार्कच्या शुभवर्तमानात प्रभूने सांगितलेला दाखला येथे आठवल्यावाचून राहत नाही. पेरणारा बी पेरतो, रात्री झोपतो, सकाळी उठतो; बी रुजते, वाढते, कसे ते त्याचे त्यालाही कळत नाही. प्रभूने त्या शेतकऱ्याला आळशी म्हटले नाही. त्याने पेरले आहे, कापणीला तो विळा घेऊन येणार आहे. मधल्या रात्री मात्र त्याच्या नाहीत. वाढीचे श्रेय आपल्याकडे नाही हे मान्य करणे, म्हणजेच झोपणे.

आमच्या मते नैतिक प्रश्न येथेच आहे. अतिश्रमाला आपण सद्गुण समजतो. पण त्याच्या मुळाशी अनेकदा भय असते. वडिलांनी शैक्षणिक कर्ज काढले आहे, महागडे यंत्र घेऊन दिले आहे, बाजूची मुलगी अजून जागी आहे. 2022 पासून शब्दांवरून चित्रे काढणारी यंत्रे सर्वांच्या हाती आल्यावर तर, आपली गरज उरेल की नाही ही धास्तीही त्यात मिसळली आहे. पण यंत्राशी जागरणाची शर्यत लावून कोणी जिंकणार नाही. यंत्राला झोप लागतच नाही. आजीचा हात कसा थरथरत असे, हे तिच्याजवळ निवांत बसलेल्या नातीलाच ठाऊक असते. बसायला वेळच उरला नाही तर ती काढणार काय?

आणि निव्वळ श्रमाने सुरक्षितता मिळते, हेही या व्यवसायाने खोटे ठरवले आहे. 'लाइफ ऑफ पाय' या चित्रपटातील वाघ संगणकावर जिवंत करणाऱ्या 'रिदम अँड ह्यूज' या अमेरिकन संस्थेची मुंबई व हैदराबाद येथेही कार्यालये होती. फेब्रुवारी 2013 मध्ये तिने दिवाळखोरीचा अर्ज केला आणि त्याच महिन्यात त्याच कामासाठी ऑस्कर मिळवले. पुरस्कार दिला जात असताना बाहेर रस्त्यावर त्या क्षेत्रातील कलावंत निदर्शने करीत होते. आपल्या पुण्यातही 2024 साली नोकरीला लागून काही महिनेच झालेली 26 वर्षांची एक तरुण लेखापाल वारली, आणि कामाच्या ओझ्याबद्दल तिच्या आईने लिहिलेले पत्र देशभर वाचले गेले. मृत्यूच्या कारणाचा निवाडा करणे आमचे काम नव्हे. पण एखाद्या आईला असे पत्र लिहावे लागते, एवढ्यानेच प्रत्येक घराने थांबून विचार करावा.

म्हणून आमचे म्हणणे असे : विसावा ही काम संपल्यावर मिळणारी मजुरी नव्हे, कारण असे काम संपतच नाही. तो हक्क तर आहेच. पण ज्याने शरीर दिले त्याच्यापुढचे ते कर्तव्यही आहे. ख्रिस्तसभेच्या 1983 च्या धर्मनियमांत रविवारविषयीचा नियम पाहावा. उपासनेबरोबरच मनाच्या व शरीराच्या योग्य विश्रांतीला बाधा आणणारी कामे त्या दिवशी टाळावीत, असे तो सांगतो. आपण त्यातला मिस्साचा भाग मुलांना बजावतो आणि विश्रांतीचा भाग विसरतो. शनिवारी रात्रभर काम करू दिलेल्या मुलाला रविवारी सकाळी मिस्साला ओढून नेणे म्हणजे नियमाचा निम्माच भाग पाळणे होय.

अर्थात यातून आळसाला सनद मिळत नाही. पंधरा दिवस टंगळमंगळ करून शेवटच्या दोन रात्री जागणारेही असतात. त्यांना विसाव्याची नव्हे, रोजच्या मुक्कामांच्या शिस्तीची गरज आहे. गुरुजनांनी सत्राच्या आरंभी एकत्र बसून तारखा ठरवाव्यात. आईवडिलांनी कर्जाचा उल्लेख जेवणाच्या ताटावर करू नये. आणि आमच्यासारख्यांनी पोरांच्या जागरणाची जाहीर प्रशंसा करणे बंद करावे. त्या मुलीची आम्ही क्षमा मागितली. ती म्हणाली, "तुम्ही तेव्हा तसे बोललात ना, त्यानंतर लवकर झोपायची मला लाजच वाटायला लागली." आम्ही निरुत्तर झालो.

आता त्या घरात एक नवा रिवाज पडला आहे. रात्री अकरा वाजता वडील तिच्या दारावर दोनदा टिचकी मारतात आणि म्हणतात, "भोंगा झाला." कधी आतून "पाच मिनिटे, बाबा" असे उत्तर येते, आणि वडील दाराबाहेर खुर्ची टाकून जपमाळ हाती घेतात. दाराखालचा दिवा विजला की मगच ते उठतात.