जीपचं गोत्र

माणसाचं पूर्वचरित्र तपासायची आपल्याकडे चोख व्यवस्था आहे. लग्नाला पत्रिका, नोकरीला दाखला, कर्जाला दोन जामीन. जुन्या मोटारीला यातलं काहीच नसतं. ती बिचारी मुकाट्यानं उभी असते आणि तिच्या वतीनं मालक थापा मारतो.

कामशेतला उतरून नाणे मावळात शिरलं की वडिवळे लागतं. तिथं धरणाच्या अंगाला आमच्या साडूंनी थोडी जमीन घेतली आणि जमिनीला शोभा म्हणून एक जुनी जीप. जीप मूळची पोलिसांची, असं विकणाऱ्यानं सांगितलं आणि त्या एका वाक्याचे वीस हजार वेगळे लावले. मी पडलो बँकेतला कारकून. खरी सही कुठली आणि खोटी कुठली हे बघण्यात माझा जन्म गेलेला. तेव्हा शहानिशा करायला मला नेण्यात आलं.

आता पुरावे पाहा. नंबर 'एम'नं सुरू होणारा, म्हणजे १९६० साली महाराष्ट्र झाल्यानंतरचा. त्याआधी आपल्याकडे 'बी' असे. पण 'एम' काही पोलिसांची मक्तेदारी नव्हे. आर. सी. बुक ही दुय्यम प्रत, मूळ गहाळ. टपाच्या पत्र्याला चार भोकं, लांबी भरून बुजवलेली. डॅशबोर्डखाली एक जाड वायर, कुठंच न जाणारी. दाराच्या कडेला रंग खरवडला तर पांढऱ्याखाली हिरवा आणि हिरव्याखाली निळा!

"काय राव, निळा निघाला की!" साडू ओरडले. खून पकडला गेला असता तरी एवढा आनंद कुणाला झाला नसता.

पण जीपची गंमत अशी, की महिंद्रांनी १९४७ पासून मुंबईत विलीज जीप जोडायला घेतली आणि पुढं खेड्यापाड्यांत जीप म्हणजेच सरकार झालं. फौजदाराला जीप, तहसीलदाराला जीप, पाटबंधाऱ्याच्या इंजिनियरालाही जीपच. टपावर दिवा लावायची हौस तर कुठल्याही साहेबाला असते. मंत्र्यासंत्र्यांचे लाल दिवे उतरायला १ मे २०१७ उजाडावा लागला. दुसऱ्या महायुद्धात विलीज आणि फोर्ड यांनी मिळून सहा लाखांवर जीपा बनवल्या, तेव्हा फोर्डनं आपल्या बोल्टांच्या डोक्यांवरसुद्धा 'एफ' उठवला होता. म्हणजे कारखान्याला आपला बोल्ट ओळखता येतो, पण सरकारी खात्यानं एकदा जीप निर्लेखित करून लिलावात काढली की तिला कुणी ओळख देत नाही. निवृत्त माणसाचंही असंच होतं म्हणा.

विलायतेत याच्या उलटा प्रकार. तिथं लंडनच्या पोलिसांची काळी वुल्झली मोटार एके काळी फार गाजलेली. आता साध्या वुल्झलीलाही घंटा बसवून तिला पोलिसात भरती करणारे हौशी निघाले, तर नवल नाही. तेव्हा जाणकार घंटा बघत नाहीत, पहिल्या नोंदणीचा कागद बघतात.

आणि 'मूळची पोलिसांची' म्हणजे तरी काय? कारखान्यातून कुठलीच जीप फौजदार होऊन बाहेर पडत नाही. तिथून नुसती जीप निघते. भोकं पाडून तिला पोलीस करतात. २०२१च्या केंद्रीय नियमाप्रमाणं पन्नास वर्षांवरची गाडी 'विंटेज' म्हणून नोंदता येते. अट अशी, की ती मूळ स्वरूपात राखलेली हवी, सांगाड्यात-इंजिनात मोठा फेरफार नको. आता मूळ स्वरूप कुठलं? भोकं पडण्यापूर्वीचं, की पडल्यानंतरचं? या प्रश्नावर मी नि साडू दोन कप चहा प्यालो.

जमलेल्या मंडळींत एक म्हातारबाबा होते. साडूंनी त्यांना मोठ्या आशेनं विचारलं, "बाबा, पोलिसांचीच ना ही?"

बाबा म्हणाले, "कुनाची त्ये आमाला काय ठावं? जीप आली म्हंजी कायतरी जानार. मोजाया आली तर जमीन, हुडकाया आली तर मानूस."

साडू हसले. बाबा हसले नाहीत. ९ ऑगस्ट २०११ रोजी पवनेच्या जलवाहिनीला विरोध करणाऱ्या शेतकऱ्यांवर याच मावळात, बऊरजवळ, पोलिसांनी गोळीबार केला आणि तिघं ठार झाले. त्या मुलखात पोलिसांची गाडी ही काही नुसती शोभेची वस्तू नव्हे.

आमच्या निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स ॲक्टात, सन १८८१, 'होल्डर इन ड्यू कोर्स' नावाचा एक भाग्यवान प्राणी आहे. चेक त्यानं सचोटीनं आणि मोबदला देऊन घेतला असेल, तर आधीच्या धारकाच्या हक्कातला दोष त्याला चिकटत नाही. साडूंचं तसंच आहे. त्या जीपमधून कधी कुणाला नेलं असेल तर त्याचं पाप साडूंच्या माथी नाही. कबूल! पण मग आधीच्या धारकाचा रुबाब तरी त्यांना फुकट का मिळावा? पुढच्या सीटवरून जो रुबाब दिसतो, तीच मागच्या बाकावरून भीती असते. रुबाब जमेला धरायचा आणि भीती नावे टाकायची नाही, हे कुठल्या खतावणीत बसतं? बी. कॉम.च्या पहिल्या वर्षाचा पोरगाही सांगेल, असा ताळेबंद जुळत नाही.

यापुढं हा वाद फारसा उरणार नाही. १ एप्रिल २०२३ पासून पंधरा वर्षं झालेल्या सर्वसाधारण सरकारी गाड्यांची नोंदणीच संपते आणि त्या भंगारात जातात. लिलावच नाही, तर पूर्वायुष्य कुणाला विकणार?

साडूंचा बेत टपावर नवा दिवा बसवायचा होता. मी सल्ला दिला, की दिवा बसवू नका, पण भोकंही नव्यानं बुजवू नका. त्यांनी तो मानला. मावळातला पाऊस तुम्ही जाणताच. जुनी लांबी आता सुटली आहे आणि चारातल्या एका भोकातून बरोबर चालकाच्या टकलावर थेंब पडतो. गाडी पोलिसांची असो वा पाटबंधाऱ्याची, जुनी वस्तू मिरवणाऱ्यानं तेवढं सोसायला हरकत नाही.