भिंतीपलीकडचे धुणे

आवाजाचे एक वैशिष्ट्य असे की, तो ज्याचा असतो त्याला तो फारसा ऐकू येत नाही. आपल्या घरातील वॉशिंग मशीनची घरघर आपल्याला काम चालू असल्याची ग्वाही देते. तीच भिंत ओलांडून गेली की शेजाऱ्याला उपद्रव होते. म्हणून आवाजाविषयीचे कर्तव्य केवळ स्वतःच्या कानांवर विसंबून ठरविता येणार नाही. विषय क्षुल्लक वाटेल. परंतु नीतीची परीक्षा बहुधा अशा क्षुल्लक प्रसंगीच होत असते.

बीदर-कलबुर्गीच्या आमच्या या सीमाभागात धुण्याच्या कामाला मोठी परंपरा आहे. बाराव्या शतकातील कल्याणचे, म्हणजे आजच्या बसवकल्याणचे, शरण मडिवाळ माचिदेव हे परीट होते. शरणांची वस्त्रे धुणे हेच त्यांचे कायक होते, असे परंपरा सांगते. मांजरेच्या काठी किंवा परसातल्या दगडावर कपडे आपटण्याचा आवाज काही मंजुळ नव्हता. पण तो उघड्यावर होता, दिवसाउजेडी होता, आणि मुख्य म्हणजे धुणाऱ्याचे दंड दुखू लागले की थांबत होता. श्रमाची मर्यादा हीच त्या आवाजाची मर्यादा होती. यंत्राला दंड नाहीत, म्हणून थकवाही नाही. जी मर्यादा पूर्वी शरीर घालीत असे, ती आता विवेकाने घालावयाची आहे.

याचा अर्थ यंत्राला दोष द्यावा, असा नव्हे. जुन्या धुण्याचे गोडवे गाणाऱ्यांपैकी फार थोड्यांनी ते धुणे धुतले असेल. पिढ्यान्‌पिढ्या स्त्रियांच्या कमरेवर असलेला हा भार यंत्राने उतरविला, हे मोठेच काम झाले. प्रश्न इतकाच की, उतरलेल्या भारातला काही अंश आपण नकळत शेजाऱ्याच्या भिंतीवर तर ठेवला नाही ना?

यंत्र हादरते ते का, हे पाहिले तर या प्रश्नाचे उत्तर मिळते. पिळण्याच्या वेळी कपडे एका बाजूस गोळा झाले, त्यामुळे अर्धा किलो वजन अक्षापासून वीस सेंटीमीटरवर अधिक राहिले आणि पिंप मिनिटाला १००० फेरे घेऊ लागले, तर त्या अर्ध्या किलोची बाहेर ओढ सुमारे ११०० न्यूटन, म्हणजे जवळजवळ ११० किलो वजनाइतकी होते. वेग दुप्पट झाला तर ही ओढ चौपट होते. आतील स्प्रिंगा आणि धक्के शोषणारे भाग यातील बरेचसे गिळतात. उरलेले यंत्राच्या पायांतून जमिनीत उतरते. शिवाय वेग वाढत असताना एका टप्प्यावर फिरण्याची लय आणि यंत्राची स्वतःची डुलण्याची लय जुळते, तेव्हा ते सर्वाधिक थरथरते.

आता जमिनीचा विचार करू. कलबुर्गी जिल्ह्यातील शहाबादची फरशी आमच्याकडे घरोघरी आहे. ती नीट बसलेली असेल तर उत्तमच. पण खालचा मसाला सुटून पोकळ झाली असेल तर यंत्राखाली ती ढोलासारखी वाजते. जुन्या बीदरच्या जांभ्या दगडाच्या रुंद भिंती पुष्कळ काही पोटात घालीत. आजच्या वसाहतींत दोन घरांमध्ये विटेची एकच पातळ भिंत आणि वर सलग स्लॅब असतो. मिनिटाला १००० फेरे म्हणजे सेकंदाला सुमारे १७ कंपने. माणसाच्या कानाची खालची मर्यादा साधारण २० मानली जाते. म्हणजे यातील मूळ कंप ऐकू येतच नाही, तो अंगाला जाणवतो. शेजारच्या आजारी आजोबांच्या खाटेला तो कळतो. आपल्याला कळत नाही.

कायदा येथे किती उपयोगी पडेल? २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनी निवासी भागासाठी दिवसा ५५ व रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा घातली. रात्र म्हणजे दहा ते सहा. २००५ साली सर्वोच्च न्यायालयाने नकोशा आवाजापासून मुक्तता ही जगण्याच्या अधिकारातच अंतर्भूत मानली. हे सर्व आवश्यक आहे. परंतु पायाला जाणवणारा कंप डेसिबलमध्ये पुरता उतरत नाही, आणि शेजाऱ्याविरुद्ध तक्रार गुदरून शेजार टिकत नाही. कायदा संपतो तेथून शेजारधर्म सुरू होतो.

येथे एक आक्षेप विचारात घेतला पाहिजे. जर्मन तत्त्वज्ञ शोपेनहाउअर याने १८५१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निबंधात गाडीवानांच्या चाबकाच्या फटकाऱ्यांवर संताप व्यक्त केला. त्यात विचारवंताच्या एकाग्रतेची काळजी पुष्कळ आहे, गाडीवानाच्या जिण्याची फारशी नाही. आपली तक्रारही तशीच होऊ शकते. दिवसभर नोकरी करून परतलेल्या, नळाला पाणी येईल तेव्हाच धुणे लावावे लागणाऱ्या बाईला शांततेचे पाठ देणे सोपे आहे. चौकातल्या ध्वनिवर्धकापुढे मात्र आपण गप्प असतो. दुर्बळाच्या आवाजावर बोट ठेवणे आणि बलवंताचा आवाज सोसणे, याला नीती म्हणता येणार नाही.

तरीही यामुळे कर्तव्य रद्द होत नाही. ते वाटून घ्यावे लागते. धुणे लावणारीने एकटाच कपडे पिळण्याचा भार का वाहावा? घरातल्या कोणीही पाणसळ लावून यंत्र समतल करावे, चारही पाय टेकवून त्यांचे नट आवळावेत, ते भिंतीला चिकटू देऊ नये, सुटलेली फरशी पुन्हा बसवून घ्यावी. समोरून दार असलेल्या नव्या यंत्राचे वाहतुकीसाठी लावलेले बोल्ट काढले की नाहीत, ते पाहावे. एकच जड चादर न टाकता बरोबर इतर कपडे घालावेत; दोन पिंपांच्या यंत्रात कपडे सारखे पसरून वर चकती ठेवावी. रबरी बैठका याच्यानंतर. असमतोल तसाच ठेवून त्यांवर भिस्त ठेवणे व्यर्थ. आणि पाण्याची वेळ आपल्या हाती नसली तरी पाणी भरून ठेवून सकाळी धुणे लावणे अनेकदा हाती असते.

सर्वांत कठीण गोष्ट मात्र यंत्राची नाही. १९५६ च्या भाषावार पुनर्रचनेनंतरही आमच्या गल्ल्यांत मराठी, कन्नड, उर्दू बोलणारी घरे भिंतीला भिंत लावून राहतात. अशा ठिकाणी एखादी साधी तक्रारही भलत्याच अर्थाने घेतली जाईल, या भीतीने माणसे सोसत राहतात. सोसणाऱ्याचे मौन ही संमती नव्हे. म्हणून विचारण्याची जबाबदारी आवाज करणाऱ्याची: ‘आमच्या मशीनचा तुम्हांला त्रास होतो का?’ हा प्रश्न कोणत्याही भाषेत विचारता येतो, आणि त्याला पाच मिनिटेही लागत नाहीत. यंत्राने आपले श्रम वाचविले आहेत. वाचलेल्या वेळातली एवढी पाच मिनिटे शेजाऱ्याची आहेत, असे आम्ही मानतो.