पूर्वजांचे दास्य लपवावे काय?

कोणाच्या पूर्वजांस बाजारात विकिले असेल, वेठीस धरिले असेल किंवा गावकुसाबाहेर बसविले असेल, तर वंशजांनी ती गोष्ट सांगावी की झाकावी? हा प्रश्न आमच्या खेड्यांतील मंडळ्यांत पुष्कळांच्या मनात येतो, पण तोंडावाटे क्वचित निघतो. मुलगा शहरात शिकावयास गेला म्हणजे आडनाव बदलितो. आजोबा काय करीत असत असे विचारिल्यास मान खाली घालितो. ह्याचा विचार करिताना आफ्रिकेतून आमच्या महाराष्ट्रात आलेल्या लोकांचा इतिहास उपयोगी पडेल, असे आम्हांस वाटते.

मुळशीकडील वाचकांस हे लोक अगदी परके नाहीत. ताम्हिणीचा घाट उतरून कोकणात गेल्यावर पुढे समुद्रकाठी मुरूडजवळ जंजिऱ्याचा किल्ला लागतो. तेथे मूळच्या आफ्रिकेतील सिद्दी घराण्याचे राज्य १९४८ सालापर्यंत होते; त्या मुलखास हबसाण असेही म्हणत. त्याहून मोठे नाव मलिक अंबर ह्याचे. तो सुमारे १५४८ साली हबश देशात, म्हणजे इथिओपियात जन्मला. लहानपणीच विकला जाऊन तो अरबस्तान व बगदाद येथे हातोहात फिरला, आणि शेवटी अहमदनगरच्या निजामशाहीचा वजीर चंगेजखान ह्याने त्यास विकत घेतले. चापू हे मूळ नाव मागे पडले. धन्याने दिलेले अंबर हेच राहिले. १६०० साली मोगलांनी अहमदनगर घेतल्यावर ह्याच पुरुषाने निजामशाही पुन्हा उभी केली व १६२६ साली मरेपर्यंत राखिली. त्याने वसविलेले खडकी शहर पुढे औरंगाबाद झाले. तेथे त्याने जमिनीखालून नहर काढून पाणी आणिले, आणि जमिनीचा कस पाहून शेतसारा ठरविण्याची पद्धत बसविली.

दुसरी हकीकत नाशिकची. एकोणिसाव्या शतकात इंग्रजांची आरमारी जहाजे हिंदी महासागरात गुलामांची गलबते पकडीत व सोडविलेल्या मुलांस मुंबईस उतरवीत. त्यांपैकी पुष्कळ मुले नाशिकजवळ शरणपूर येथे चर्च मिशनरी सोसायटीच्या आश्रयास वाढली, आणि लिहिणे, वाचणे, सुतारकाम, लोहारकाम शिकली. १८७३ साली डॉ. लिव्हिंग्स्टन मध्य आफ्रिकेत वारले, तेव्हा येथेच शिकलेल्या जेकब वेनराइट ह्याने अंत्यविधीची प्रार्थना वाचिली व झाडावर त्यांचे नाव कोरिले. मग त्याने व त्याच्या सोबत्यांनी तो देह शेकडो मैल वाहून समुद्रकिनाऱ्यास आणिला. १८७५ साली मोंबासाजवळ मुक्त गुलामांची फ्रीअर टाउन ही वसाहत झाली, तेव्हा शरणपूरची मंडळी तेथे शिक्षक व उपदेशक होऊन गेली. त्यांच्यापैकी मॅथ्यू वेलिंग्टन हा १९३५ सालापर्यंत जगला. चेंग्विंबे हे त्याचे जन्मनाव आज ठाऊक आहे. पण त्याच्या कित्येक सोबत्यांची जन्मनावे आता कोणासही सांगता येत नाहीत.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. कोणी म्हणेल, जुनी जखम कशास उकलावी? गावकरी टोमणे मारतील, सोयरीक मोडेल. ही भीती खोटी नव्हे, आणि कोणास बळेच बोलते करावे असे आम्ही म्हणत नाही. परंतु लाज कोणाची ह्याचा निवाडा झाला पाहिजे. लेकरू विकले गेले ह्यात लेकराचा अपराध कोणता? अपराध विकणाऱ्याचा व घेणाऱ्याचा. योसेफास भावांनी विकिले. त्या व्यवहाराची लाज योसेफाने वाहिली नाही. जो आपल्या वाडवडिलांचे दास्य झाकतो, तो नकळत विकणाऱ्याचा दोष आपल्या माथी घेतो.

तथापि केवळ स्मरण पुरेसे नाही. स्वतः विकला गेलेला मलिक अंबर सत्तेवर आला, तेव्हा त्याच्या फौजेतही विकत घेतलेले हबशी होते. दुःख भोगिल्याने मनुष्य आपोआप न्यायी होत नाही. म्हणूनच इस्राएलास मिसरातील दास्याची आठवण ठेवण्याची जी आज्ञा झाली, ती गाऱ्हाणे सांगत बसण्यासाठी नव्हे, तर दारी आलेल्या परक्यावर व आपल्या चाकरावर जुलूम न व्हावा म्हणून झाली.

ही कसोटी आम्हांस घराजवळच लागू पडते. मुळशी खोऱ्यातील कातकरी कुटुंबे उचल घेऊन वीटभट्टीवर जातात आणि ती फिटेपर्यंत बांधली जातात. वेठबिगारी कायद्याने १९७६ साली बंद झाली. तरी माणसास कर्जाने बांधण्याची वृत्ती कायद्याने मरत नाही. अशा कुटुंबास आम्ही ओसरीवर बसवितो की अंगणातच उभे ठेवितो? त्यांच्या मुलांस शाळेत आमच्या मुलांशेजारी जागा मिळते काय? मजुरीचा हिशेब त्यांस वाचून दाखविणारा कोणी आमच्यात आहे काय?

तेव्हा वाचकहो, वडीलधाऱ्यांपाशी बसून आजोबा-पणजोबांची नावे विचारून घ्या, त्यांनी सोसिले ते मुलांस सांगा. आणि त्याच आठवड्यात एखाद्या कातकरी घरी जाऊन त्यांच्याही वडिलांचे नाव विचारा.