फुकटाचे मोल

‘फुकट ते पौष्टिक’ असे आपण विनोदाने म्हणतो. परंतु विनोदाच्या पोटी पुष्कळदा आपली खरी वृत्ती दडलेली असते. साबणाच्या तीन वड्यांवर चौथी, चहाच्या पुड्याबरोबर चमचा, खरेदीच्या रकमेतील काही भाग परत, अशी प्रलोभने आज घरोघरी पोहोचली आहेत. गेल्या चातुर्मासात मंडळाच्या एका भगिनीने कूपने जमवून मिळविलेले चाळीस साबण यात्रेकरूंच्या उपयोगासाठी देवस्थानात आणून दिले. देताना त्या म्हणाल्या, “यांना मला पैसा पडलेला नाही. मग याला दान म्हणावे काय?” प्रश्न साधा होता, उत्तर मात्र कोणालाच चटकन सुचले नाही.

प्रथम ‘फुकट’ या शब्दाचाच विचार करू. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेत कोका-कोलाच्या चालकांनी एक पेला पेय विनामूल्य मिळेल अशा चिठ्ठ्या वाटल्या. पेल्याची किंमत ५ सेंट होती. त्यामागे औदार्य नव्हते. चव लागलेले गिऱ्हाईक पुन्हा येईल, हा हिशेब होता. पुढे त्याच देशात परताव्याची रीत रूढ झाली. पूर्ण किंमत आधी भरावयाची, पावती व वेष्टनाचा तुकडा टपालाने पाठवावयाचा आणि पैशांची वाट पाहावयाची. अनेकजण तो तुकडा पाठवावयाचे विसरतात, हे विक्रेत्याने आधीच गृहीत धरलेले असते. म्हणजे जागरूक माणसाचा लाभ विसराळू माणसाच्या खिशातून निघतो. आपल्या देशातही, वस्तूची किंमत एकूण व्यवहारात पूर्णतः वा अंशतः वसूल करून ती विनामूल्य असल्याचा भास निर्माण करणे, ही १९८६ च्या व नंतर २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने अनुचित व्यापारी प्रथा ठरविली आहे. तात्पर्य, फुकटाचे मोल कोणीतरी देतच असतो.

मग ते घेणेच अधर्म्य काय? तसे म्हणता येणार नाही. विक्रेता स्वखुशीने देतो आणि बेताच्या मिळकतीत संसार रेटणारी गृहिणी ते घेते; ही काटकसर होय, आणि काटकसर हा सद्गुणच आहे. मात्र पतंजलींनी यमांमध्ये अस्तेय आणि अपरिग्रह यांची गणना निरनिराळी केली आहे. चोरी न करणे एवढ्याने भागत नाही. न चोरलेलेही गरजेहून अधिक साठवू नये.

अस्तेयाची मर्यादा ओलांडली की काय होते, याचे उदाहरण अमेरिकेतील व्हर्जिनिया राज्यात घडले. बनावट कूपने छापून व्यापाऱ्यांचे ३ कोटी डॉलरहून अधिक नुकसान केल्याबद्दल एका स्त्रीला २०२१ मध्ये १२ वर्षांच्या कारावासाची शिक्षा झाली. परंतु दूर कशाला जावे? ‘एका कुटुंबास एकच’ असे स्पष्ट लिहिलेले असता, पत्नीच्या व मुलाच्या नावाने आणखी दोन कूपने प्रस्तुत लेखकानेच वटविली आहेत. तेव्हा ती हुशारी वाटली. रक्कम क्षुल्लक होती. असत्य मात्र क्षुल्लक नव्हते.

आता त्या भगिनीच्या प्रश्नाकडे वळू. दानाचे मोल केवळ पैशाने ठरत नाही. त्यांनी अटी पाळल्या, वेळ व श्रम वेचले, यात्रेकरूंची गरज ओळखली आणि काहीही न लपविता दिले. आपल्या कपाटात मावत नाही म्हणून देवाच्या दारी आणून टाकणे, याला दान म्हणता येत नाही. ती केवळ आवराआवर होय. त्यांचे साबण तसे नव्हते. ते दानच होते, आणि मंडळाने ते आनंदाने स्वीकारले.

सभासद बंधुभगिनींनो, कूपन हाती आले की स्वतःस तीन गोष्टी विचाराव्या: अट पाळली काय? वस्तूची गरज आहे काय? आणि ही वस्तू कशी मिळविली, हे देवासमोर उघडपणे सांगता येईल काय? त्या भगिनीला ते सांगता आले. प्रस्तुत लेखकाला सांगावयास हा लेख लिहावा लागला.